हिरव्या कुंडीची जांभळी फुलं

"आधीच सांगून ठेवतो, ह्याच्यावर तुमच्यातल्या एकाचाबी इस्वास बसणार न्हाई," मी म्हणालो.

"मग सांगतोस कशाला?" कोंडीबा म्हणाला. "गप बेदाणा निवड की."

"न सांगून कसं चालंल? नातीनं विचारलंय."

नातीनं खरंच विचारलं होतं, आणि असं विचारलं होतं की शेडातल्या सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले होते.

कवठे महांकाळच्या बाहेर, डांबरी रस्ता सोडून आत आलं की आमचं बेदाण्याचं शेड लागतं. मार्चातला रविवार होता. रॅकवरचा माल उतरवून झाला होता, ताडपत्रीवर बेदाण्याचा ढीग पडला होता आणि त्याच्याभोवती आम्ही काड्या-कचरा वेचत बसलो होतो. एका अंगाला माझी बायको राहीबाई. तिच्या पलीकडं कोंडीबा. त्याच्या-माझ्या रानाचा बांध एक, आणि माझ्या बोलण्यात भोक शोधायचं हा त्याचा लहानपणापासूनचा जोडधंदा. मग रहिमान. बाजारपेठेत फवारणीचे पंप दुरुस्त करतो, रविवारी चहापुरता म्हणून येतो आणि दिवस बुडेपर्यंत उठत नाही. आणि साताऱ्याहून सकाळीच आलेले दोघं: माझा मुलगा जयराज आणि त्याची लेक शिवांजली.

जयराज शिरवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. शब्द पगारातनं कापून घेतात असं समजून बोलतो. शिवांजली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. एनसीसीत असल्यामुळं सरळ उभी राहते, आणि विचारते तेही सरळच.

"आबा," ती म्हणाली होती, "डिसेंबरात मी कॅम्पला गेले तेव्हा माझी कुंडी हिरवी होती. परत आले तर जांभळी. इतके दिवस मी गप्प बसले. आज खरं सांगा. ती माझीच आहे का?"

"कसली कुंडी?" कोंडीबानं विचारलं.

आता तुम्हालाही कुंडी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. जयराजच्या साताऱ्याच्या फ्लॅटात, हॉलच्या भिंतीला लागून काचेची टाकी आहे. खाऱ्या पाण्याची. साताऱ्याला समुद्र नाही, म्हणून आमची पोरगी पोत्यातलं मीठ फिल्टरच्या पाण्यात कालवून घरच्या घरी समुद्र तयार करते. त्या समुद्रात मुठीएवढा एक दगड आहे, सगळ्या अंगाला भोकं असलेला. सकाळी वरचा दिवा लागला की भोकाभोकातनं कोथिंबिरीच्या काडीसारखे देठ वर येतात आणि एकेका देठाच्या टोकाला शेवंतीसारखं फूल उमलतं. चोवीस पाकळ्या. बसा मोजत. वारा नसताना डुलतं. दिसतं फूल, पण ते जनावर आहे, पोवळ्याच्या कुळातलं. बोट लावलं की सगळी फुलं दगडात गडप. दुकानदार त्याला फ्लॉवरपॉट कोरल म्हणतात, आम्ही आपली कुंडी म्हणतो. राहीबाईनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती म्हणाली होती, "दगडाचं फूल व्हय? मग मसाल्यात का घालत न्हाईसा?"

मिरजेत रहिमानचा पुतण्या मुजीब शोभेच्या माशांचं दुकान चालवतो. त्याच्या मोठ्या टाकीत वाढलेल्या दगडाचा तुकडा काढून शिवांजलीनं आणलेली ही कुंडी. आणलेली म्हणजे तिसऱ्यांदा आणलेली. हे जनावर लय लाडाचं. दोन-चार महिने असं फुलतं की वाटावं आता हे घर त्याच्याच नावावर आहे. मग एक दिवस अर्धंच उघडतं. मग उघडतच नाही. पोरीच्या दोन कुंड्या अशा गेल्या आणि दोन्ही वेळेला ती टाकीसमोर पाट टाकून बसली, ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या वेळेला जयराज म्हणाला, "बास झालं. तिसरी गेली तर टाकी पण जाणार. तिथं सोफा येईल." पोरीनं बापाच्या हातावर हात मारून अट कबूल केली.

"म्हणून विचारतेय," शिवांजली आता म्हणाली. "माझी हिरवी मेली असेल आणि कुणी दुसरी आणून ठेवली असेल, तर मी अट हरले. उद्याच टाकी रिकामी करते आणि मुजीबदादाला देऊन टाकते. खोट्यावर काही ठेवायचं नाही मला."

"अगं बाई," राहीबाई म्हणाली, "अट घातली तुझ्या बापानं. त्यानं सोडली की सुटली. काय रं जयराज?"

जयराजनं ढिगातली एक काडी उचलली, निरखून बघितली आणि बाजूला टाकली. "अट म्हणजे अट," तो म्हणाला.

"बघा," शिवांजली म्हणाली.

म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात आलं. कारण ती कॅम्पला गेली तेव्हा घरात मी होतो. सूनबाई भाचीच्या बारशाला दहिवडीला माहेरी, जयराज सकाळी शिरवळला जाणार तो दिवेलागणीला येणार. मग टाकीजवळ कोण? फोन आला, मी पिशवी भरली.

"आवं, पर जातानाच म्या म्हणलं हुतं," राहीबाई म्हणाली, "पोरीच्या वस्तूला हात लावू नगा."

"मी कुठं हात लावला? तिनं मला स्टँडवर उभं राहून कवायत शिकवल्यागत शिकवलं. साबणाचा हात पाण्यात घालायचा न्हाई. आटलेलं पाणी फिल्टरच्याच पाण्यानं भरायचं. पंप बंद करून ड्रॉपरनं खाणं घालायचं. आन आपल्या मनानं कायबी करायचं न्हाई. आता मला सांगा, मी आजवर माझ्या मनानं काय केलंय?"

यावर राहीबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

झालं असं की पोरीची गाडी सुटली आणि दुसऱ्या दिवशी कुंडी फुगून बसली. फुगून म्हणजे रुसून. दिवा लागला तरी फुलं आत. एखादं डोकं काढायचं, खोलीत शिवांजली नाही असं बघायचं आणि परत जायचं. देठ बघतो तर पिवळट. मी सारं आयुष्य द्राक्षबागेत काढलंय. देठ पिवळा पडला की मला ते माणसाच्या तोंडावरच्या काळजीसारखं कळतं.

"मी म्हणलं, हिला लोह कमी पडतंय आन मँगनीज."

"ते बरोबर आहे," जयराज म्हणाला. "लोह आणि मँगनीज लागतंच कुंडीला. पाणी अगदी स्वच्छ ठेवलं तरी उपाशी मरते ती. बारीक खाणं भरपूर पाहिजे."

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. इतकं लांब वाक्य तो लग्नातही बोलला नव्हता.

"तुला रं काय ठावं?" कोंडीबानं विचारलं. "तू तर त्या टाकीला सोफ्याची जागा म्हणतोस."

"ऐकलं कुठंतरी."

"खाण्यावरनं आठवलं," शिवांजली म्हणाली, "हल्ली पावडरीची डबी लवकर संपते. मी मापानं घालते तरी."

"मासे खात असतील," जयराज म्हणाला आणि पुन्हा ढिगात तोंड घातलं.

आता ऐका. डिसेंबर म्हणजे आमच्या भागात जीएचे दिवस. जीए म्हणजे एक पूड. चिमूटभर पाण्यात विरघळवायची, मगात घ्यायची आणि वेलीवरचा एकेक घड त्यात बुडवून काढायचा. घड लांबतो, मणी फुगतो. इकडं एखादी बाई बाळाला तीट लावायची विसरेल, पण घडाला जीए द्यायचं विसरणार नाही. मी बागेतनं थेट साताऱ्याला गेलेलो, त्यामुळं जीएची पुडी खिशातच होती. आणि समोर माझ्या नातीची कुंडी देठ आखडून बसलेली.

"आबा!" शिवांजली उठून उभीच राहिली. "तुम्ही माझ्या टाकीत जीए टाकलं?"

"चिमटीभर."

"आबा!"

"ऐकून तर घे. मारायचं असंल तर मागनं मार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये चहा घेऊन बसलो होतो. कानाशी गुदगुल्या व्हायला लागल्या. वाटलं माशी असेल. झटकली, तर ती परत आली. मान वळवून बघतो तर कानाजवळ एक हिरवंगार फूल, चोवीस पाकळ्यांचं, माझ्या बशीत डोकावतंय. देठ टाकीच्या काचेवरून खाली उतरून, फरशीवरून सरपटत, माझ्या खुर्चीच्या पाठीवर चढला होता. त्याच्यामागं दुसरा. त्याच्यामागं ढीगभर.

"पाण्याच्या भायेर ते जगतंय व्हय?" कोंडीबानं भोक शोधलं.

"न जगायला काय झालं? देठ आतनं पोकळ. टाकीतलं पाणी देठातनं चढत हुतं आन फुलात थेंब-थेंब पडत हुतं. ठिबकची नळी कशी असती?"

रहिमाननं मान डोलावली. ठिबकची नळी म्हटल्यावर त्याला सगळं पटतं. "बराबर हाय. प्रेशर असंल तर चढतंय."

"आणि माझे मासे?" शिवांजलीनं विचारलं. तिच्या टाकीत नारंगी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आहेत. कुंडीच्या फुलांत अंग घुसळत बसतात, लेकरानं गोधडीत शिरावं तसे.

"मासे फुलांबरोबरच भायेर आले. प्रत्येक फुलात वाटीभर पाणी. ह्या वाटीतनं त्या वाटीत उडी, त्या वाटीतनं पुढच्या. नर बिचारा सैपाकघरापतूर जाऊन माघारी आला. मादी मात्र गॅलरीत जाऊन अजिंक्यतारा बघून आली."

"बायकांनाच हौस असती," राहीबाई म्हणाली.

द्राक्षवाल्याला वेल जमिनीवर लोळलेला बघवत नाही. मी बाजारात जाऊन तार आणली. पडद्याच्या दांडीपासून पंख्याच्या हुकापर्यंत, तिथनं देव्हाऱ्याच्या खिळ्यापर्यंत ताणून हॉलमध्ये फक्कड मांडव घातला. देठ तारेवर चढवले, सुतळीनं बांधले. घर हिरवंगार झालं. खाली बसलं की डोक्यावर फुलं डुलताहेत आणि मधूनच एखादा मासा इकडून तिकडं जातोय. मग दाटी फार झाली म्हणून विरळणी केली.

"कापलेली फुलं काय केलीस?" कोंडीबा.

"देवाला वाहिली. सांज झाली की देव्हाऱ्यात मिटायची, सकाळी परत उमलायची. आठवडाभर ताजं फूल आणावं लागलं न्हाई."

"जयराजला दिसलं न्हाई व्हय हे सगळं?" कोंडीबाला आता चांगलं भोक सापडलं होतं. "ह्यो संध्याकाळी घरी येत न्हवता का?"

"येत हुता की. पर दिवा गेला की कुंडी मिटती. ह्यो यायच्या येळंला सगळं दगडात. ह्याला रोज फक्त तारा दिसायच्या. मला म्हणला, आबा, ह्या कशाला? मी म्हणलं, कापडं वाळत घालायला. व्हय का न्हाई रं?"

जयराज म्हणाला, "तारा होत्या." आणि एवढंच म्हणाला.

हे त्याचं म्हणणं मी तुमच्या ध्यानात आणून देतो. तारा होत्या.

तर मांडव पुरेना म्हणून फुलं गॅलरीतनं बाहेर पडली. तिसऱ्या मजल्यावरून लोंबत लोंबत पार्किंगपर्यंत. खालच्या बायका म्हणाल्या, आजोबा, मनी प्लांटला फूल कसं आलं? मी म्हणालो, साताऱ्याची हवा. मग सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. मिलिटरीतनं रिटायर झालेला माणूस, मिशा इस्त्री केलेल्या.

म्हणाले, "कठड्यावर कुंड्या ठेवायच्या नाहीत, असा सोसायटीचा नियम आहे."

मी म्हणालो, "कुंडी आत हाय साहेब. भायेर नुसती फुलं हायती."

नियमात फुलांचं काही लिहिलेलं नव्हतं. ते आत आले, चष्मा नाकावर ओढला आणि एका फुलाजवळ तोंड नेलं. आता पाकळीला हात लावू नका, असं मी म्हणेपर्यंत लावला.

"अरारारा," रहिमान म्हणाला.

सट्! गॅलरीतनं, मांडवावरनं, देव्हाऱ्यातनं, सगळ्या बाजूनं देठ एका झटक्यात मागं आले. आणि येताना रिकामे आले नाहीत. ज्या ज्या वस्तूला फूल टेकलं होतं ती बरोबर ओढून आणली. खालच्या मजल्यावरची वाळत घातलेली चादर, वर्तमानपत्र, दुधाची पिशवी, जयराजचा एक मोजा आणि सेक्रेटरींचा चष्मा. समोर बघतो तर टाकीत मुठीएवढा दगड, आणि सगळं त्याच्या पोटात.

"चादर?" कोंडीबानं विचारलं. "मुठीएवढ्या दगडात डबल बेडची चादर?"

"डबल बेडची कुठं म्हणलं मी? सिंगल हुती. उगं वाढवून सांगू नगंस."

"आन चष्मा?"

"आत हाय अजून. वाकून बघितलंस तर भोकातनं काच चमकती."

"चमकतं ते खरं," शिवांजली म्हणाली. "पण तो दिव्याचा उजेड आहे, आबा."

"तसं समज. सेक्रेटरी मात्र त्या दिवसापासनं मला लांबनंच नमस्कार करत्यात."

"माझा एक मोजा मात्र खरंच हरवला होता," जयराज स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला, आणि मग त्याला राहवलं नाही. "आणि अशी दचकून मिटली की तिला निवांत ठेवावं लागतं. पंपाची धार थेट अंगावर येऊ द्यायची नाही. धार भिंतीवर सोडायची आणि भिंतीवरून फिरून येऊ द्यायची, म्हणजे उघडते."

या वेळेला मीच हातातला बेदाणा खाली ठेवला. "हेबी ऐकलंस कुठंतरी?"

"कंपनीत एकजण आहे. त्याच्याकडं टाकी आहे."

"पप्पा, मला कधी बोलला नाहीत," शिवांजली म्हणाली.

"विषय निघाला नाही."

रहिमाननं तोंडावर उपरणं धरलं. त्याला खोकला आला असावा.

दुसऱ्या सकाळी फुलं परत खाली लोंबायला लागली, आणि असे दिवस गेले. पोरगी यायचा दिवस जवळ आला आणि मला घाम फुटला. घरातनं पार्किंगपर्यंत लोंबणारी कुंडी तिला दाखवायची कशी? नव्या माणसाला वाटेल, बरं झालं, वाढली. पण पोरगी म्हणणार, मी मुठीएवढी ठेवून गेले होते, मला मुठीएवढी परत द्या. वाढ थांबवायची तर होतीच, वर कुंडी लहानही करायची होती.

नेमका त्याच दिवशी जयराज सकाळी बॅग भरून निघाला. मी विचारलं, शिरवळला? तर म्हणाला, नाही, आज कंपनीच्या कामानं सांगली-मिरजेला जायचंय.

"कंपनी शिरवळला," रहिमान उपरण्याआडून म्हणाला, "मालक पुण्याला. मिरजंत काय काम काढलं बाबा?"

"होतं एक," जयराज म्हणाला. त्याचे कान चुलीतल्या निखाऱ्यासारखे लाल झाले होते.

"असतंय की," मी म्हणालो. "नोकरीवाल्या मान्साला काय कमी कामं असत्यात? आपण इचारू नये."

मी एकटा बसून विचार केला. द्राक्षाच्या वेलीची वाढ कवा थांबती? मण्यात पाणी उतरून तो मऊ पडला, रंग भरायला लागला की. मग हिच्यातही रंग भरला पाहिजे. बाजारात नुकतीच काळी द्राक्षं आली होती. लवकरच्या बागांची, आंबट ढाण. टोपलीभर आणली, फडक्यातनं रस गाळला आणि टाकीच्या चारी कोपऱ्यांत सोडला. फुलांनी तो असा ओढून घेतला, रहिमान ओढतो तसा बशीतला चहा. बुंध्यापासनं जांभळा रंग चढायला लागला. जसा रंग वर सरकेल तसा देठ आखूड. गॅलरीतली फुलं कठड्यावर आली, कठड्यावरची मांडवावर, मांडवावरची टाकीत. मासे पाण्यात परत आले, मादी तेवढी थोडी नाराज. चार वाजेपर्यंत मुठीएवढा दगड, आणि त्यावर टुमदार जांभळी फुलं.

"तेवढ्यात जयराज आला," मी म्हणालो. "हातात थर्माकोलचा डबा. वर टॉवेल टाकलेला. म्हणलं, जेवणाचा असंल. मी इचारलं न्हाई. ह्यो म्हणला, आबा, तुम्ही आंघोळ करून घ्या. मी म्हणलं, संध्याकाळी? म्हणला, पाणी तापलंय. मग गेलो बाबा. येऊन बघतो तर जयराज टाकीपुढं उकिडवा बसलेला, भाया कोपरापतूर भिजलेल्या, आन कुंडी जागच्या जागी. जांभळी."

राहीबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा जयराजकडं, आणि पदर तोंडाला लावला. रहिमानचा खोकला काही थांबेना. कोंडीबा तेवढा अजून चादरीवरच अडकला होता.

शिवांजली मात्र ढिगाकडं बघत उभी होती. हिशेबी पोरगी. तिच्या मनात काय चाललंय ते तिच्या भुवयांवर दिसतं.

"म्हणजे आबा," ती सावकाश म्हणाली, "ही माझीच कुंडी. जीएनं वाढली आणि द्राक्षाच्या रसानं जांभळी झाली."

"अगदी तुझीच."

"मेली नाही."

"मरंल कशी? चष्मा पचवलाय तिनं."

"मग हे तपासून बघता येईल. आज घरी गेल्यावर चिमटीभर जीए टाकते. ती माझीच असेल तर पुन्हा वाढेल. मग मी अट जिंकले."

"आन न्हाई वाढली तर?" राहीबाईनं विचारलं. "मरंल की गं ती."

"नाही वाढली तर ती माझी नव्हतीच. मग तशीही टाकी उद्या जाणारच आहे." तिनं माझ्यापुढं हात पसरला. "द्या पुडी."

मी सदऱ्याच्या खिशात हात घातला. बागायतदाराच्या खिशात काही ना काही असतंच. पुडी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "चिमटीनं भागंल," मी म्हणालो, "पर हात सैल सोडला तरी हरकत न्हाई."

"आबा," जयराज म्हणाला.

"काय रं?"

"सांगा की तिला."

"काय सांगू? जे झालं ते सांगितलं."

"शिवा, ती पुडी इकडं दे."

"का पप्पा?"

"दे म्हणतो ना."

"पण आबा म्हणतात काही होत नाही." शिवांजलीनं पुडी बॅगेच्या वरच्या कप्प्यात टाकली आणि चेन ओढली. "चला, उशीर नको. दिवा बंद व्हायच्या आत घरी पोचायला पाहिजे. फुलं उघडी असतानाच टाकलेलं बरं, नाही का आबा?"

"लय बरं. उघड्या फुलात चांगलं मुरतं."

जयराज ताडकन उठला. मांडीवरचे निवडलेले बेदाणे ताडपत्रीभर उधळले, आईच्या चहाचा कप कलंडला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं शब्दांची काटकसर सोडली. "खोटं! साफ खोटं बोलतोय म्हातारा! एक चिमूट पडली तर संपेल ती! तुझी हिरवी तू गेलीस त्याच आठवड्यात गेली, शिवा. मुजीबकडं हिरवी शिल्लक नव्हती म्हणून तासभर उभा राहून त्यातल्या त्यात टवटवीत ही जांभळी मी निवडून आणली, आणि रोज ड्युटीला जायच्या आधी तिला पहिलं खाणं मी घालतोय! खड्ड्यात गेली ती अट आणि खड्ड्यात गेला तो सोफा, आधी ती पुडी काढ बॅगेतनं!"